टळलेला मुहूर्त

लग्नघटिका टळू नये म्हणून आपण केवढी धडपड करतो! अंतराळयात्रेचे शास्त्र मात्र याच्या अगदी उलट आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांच्या प्रयाणाची वाट आम्ही नागपुरास बसून पाहत होतो, तेव्हा हे आम्हांस नीट उमगले. ११ जूनचा दिवस ठरला होता. परंतु फाल्कन-९ अग्निबाणाच्या तपासणीत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. दुरुस्ती व फेरपरीक्षा झाल्यावाचून उड्डाण नको, असे इस्रोनेही सुचविले. पुढे अंतराळस्थानकाच्या रशियन भागातील दुरुस्तीची खातरजमा होईपर्यंत आणखी दिवस गेले. आमचा हिरमोड झाला, हे खरे. परंतु ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा गेले, त्यानंतर एकेचाळीस वर्षे थांबलेल्या देशास चौदा दिवस जड का वाटावेत? अखेर २५ जून रोजी आमच्या भर दुपारी, १२ वाजून १ मिनिटाने, पडद्यावरील उलट सरकणारे आकडे शून्यास पोहोचले. फ्लोरिडात तेव्हा अपरात्र होती. तो क्षण सर्वांच्याच स्मरणात राहील. आम्हांस मात्र, चार जिवांचे मोल जाणून ज्या दिवशी ती मोजणी सुरूच होऊ दिली नाही, तो दिवस अधिक थोर वाटतो.