रॉकच्या आधीचे अभंग

पुण्यात ‘टिळक’ म्हटले की लोकमान्यच आठवतात. मराठी चर्चमध्ये मात्र हे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. ‘उपासना संगीत’ या संग्रहातील त्यांची भजने शहरात आजही गायली जातात.

या कोकणस्थ ब्राह्मण कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर होती. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मिशनऱ्यांनी आणलेल्या परदेशी चालींत मराठी शब्द अवघडून बसत. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग व ओव्यांनी ती रुंद केली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती.

अमेरिकेत लॅरी नॉर्मन यांचा ‘अपॉन धिस रॉक’ हा येशूभक्तीचा रॉक संग्रह आला १९६९ मध्ये. लोकांच्या कानात बसलेल्या संगीतातून श्रद्धा सांगण्याचा हाच मार्ग टिळकांनी कितीतरी आधी, आणि अधिक गमावून, चोखाळला होता.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.