पहिला डॉक्टर म्हणजे शेजारी : डॉ. पीटर साफार यांची गोष्ट



आज लढाईची गोष्ट नाही, एका डॉक्टरची गोष्ट आहे. हा फौजी माणूस डॉक्टरवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. सैन्यात जवानाजवळ फील्ड ड्रेसिंगची पट्टी असते. गोळी लागली तर ती बांधायला पहिल्यांदा पोचतो तो डॉक्टर नसतो, शेजारचा जवान असतो. आम्ही त्याला 'बडी' म्हणतो. हीच गोष्ट साध्या नागरिकांपर्यंत नेण्यासाठी ज्यांनी हयात घालवली, ते डॉ. पीटर साफार.

जन्म १९२४चा, व्हिएन्नाचा. आईवडील दोघेही डॉक्टर. महायुद्ध संपल्यावर पदवी घेऊन साफार १९४९ मध्ये अमेरिकेत गेले आणि भूलतज्ज्ञ झाले. त्या काळी बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, अशी रीत होती. रेड क्रॉसपासून फौजेपर्यंत सगळे हेच शिकवत. साफार यांना प्रश्न पडला : अशानं हवा खरंच फुप्फुसात जाते का?

१९५७ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये त्यांनी ते करून पाहिलं. काही डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी स्वतःहून पुढे आले. त्यांना गुंगी देऊन, श्वासाचे स्नायू थांबवणारं औषध टोचलं. म्हणजे माणूस जिवंत, पण स्वतः श्वास घेऊ शकत नाही. जुन्या रीतीनं हवा जेमतेम जात होती, कारण जीभ मागे पडून वाट बंद होत होती. डोकं मागे झुकवून तोंडाला तोंड लावून फुंकर दिली, की छाती वर येत होती. गंमत म्हणजे फुंकर देणाऱ्यांमध्ये वैद्यकाचा गंध नसलेली साधी माणसंही होती. थोडक्या सूचनांवर त्यांना ते जमलं. १९६० मध्ये बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समधून छाती दाबण्याची पद्धत पुढे आली. साफार यांनी दोन्हींची सांगड घातली, आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते उभं राहिलं. सरावासाठी बाहुली तयार केली ती नॉर्वेतल्या लेर्डाल या खेळणीवाल्यानं!

१९६६ मध्ये साफार यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यात गेली. तिचं हृदय पुन्हा चालू झालं, पण मेंदू वाचला नाही. मधली मिनिटं हातची गेली होती. त्या वेळी अमेरिकेत बऱ्याच गावांत रुग्णाला पोलिसांच्या गाडीतून नाहीतर शववाहिकेतून नेत. वाटेत उपचार नाहीत. साफार यांनी पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाउस' रुग्णवाहिका सेवेला आकार दिला. ज्या तरुणांना कुणी नोकरी देत नव्हतं, त्यांनाच सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. शहरातली सर्वांत चांगली सेवा त्यांची होती. तरी १९७५ मध्ये महापालिकेनं स्वतःची सेवा सुरू केली आणि ही बंद पडली. नव्या सेवेत गेलेल्या त्या तरुणांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावं लागलं. पण या कामात त्यांच्या सहकारी असलेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी रचलेला अभ्यासक्रम साऱ्या देशाच्या पॅरामेडिकांचा पाया ठरला.

मग साफार वळले मोठ्या आपत्तींकडे. १९७६ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात त्यांनी आणि डॉ. रुडॉल्फ फ्राय यांनी आपत्तीवैद्यकाचा एक आंतरराष्ट्रीय गट उभारला. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला, सुमारे २५ हजार माणसं गेली. साफार यांच्या गटानं नंतर तिथल्या वाचलेल्यांना गाठून विचारपूस केली. तुम्हाला कुणी बाहेर काढलं? तेव्हा हातात काय होतं? जे अडकून पडले होते, ते किती वेळ जिवंत होते? उत्तरांतून दिसलं, की बाहेर काढणारे बहुतेक नातेवाईक आणि शेजारीच होते. वैद्यकीय मदत पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. आणि मेलेल्यांपैकी सगळेच क्षणात मेलेले नव्हते.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत काय झालं ते आठवा. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दहा हजारांच्या आसपास जीव गेले. लष्कर पोचलं, पण त्याआधी ढिगारा उपसत होते ते गावकरीच. तोंडातली माती काढायची, मान न पिळता श्वासाची वाट मोकळी ठेवायची, वाहतं रक्त दाबून धरायचं, माणसाला हिसका देऊन ओढायचं नाही, याला दवाखाना लागत नाही. आधी शिकलेलं असावं लागतं, एवढंच.

म्हणून साफार यांची गोष्ट माझ्या मते आपली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ पासून गावोगावच्या स्वयंसेवकांना हेच शिकवते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे. आता 'पोलिसांचं लचांड मागे लागेल' ही सबब उरलेली नाही.

साफार २००३ मध्ये गेले. नोबेलसाठी तीनदा नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही. पण छाती कशी दाबायची हे ज्याला येतं, त्या प्रत्येकाच्या हातात त्यांचं काम आहे. तुम्ही नागपूरला असा, इंदूरला असा की बंगळुरूला, एक रविवार काढा आणि शिकून घ्या. भूकंप येईल तेव्हा एनडीआरएफ येईलच. पहिल्या तासाला मात्र तुम्हीच असाल.

जय हिंद.