न्यूट्रलच्या जरा पुढे

बॉशच्या ड्रिल मशीनवर वर्तुळातलं जे चिन्ह दिसतं, ते मॅग्नेटोच्या, म्हणजे चुंबक आणि गुंडाळीच्या जोरावर इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या, आर्मेचरचं, म्हणजे गुंडाळीच्या फिरत्या गाभ्याचं आहे. ते १९१८ साली काढलं गॉटलोब होनोल्डने. आर्मेचरची घडण त्याहून जुनी, वर्नर सीमेन्सची, १८५६ची. १८८७ साली श्टुटगार्टच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रॉबर्ट बॉशने एका गिऱ्हाइकासाठी मॅग्नेटो बनवला, तो जमिनीवरच्या इंजिनासाठी. त्यात सिलिंडरच्या आतच दोन तुकडे झटक्याने विलग होत आणि ठिणगी पडे. १९०३च्या राइट बंधूंच्या विमानातही हीच रीत होती. खरं तर होनोल्डने आदल्याच वर्षी स्पार्क प्लगला पुरेल एवढ्या विद्युतदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला होता.

पुढे विमानांच्या मॅग्नेटोत उलटापालट झाली: गुंडाळी स्थिर राहिली, लोहचुंबक फिरू लागला. बॅटरी गेली तरी इंजिन चालतं, म्हणून पिस्टन इंजिनाच्या विमानांनी हे यंत्र आजही सोडलेलं नाही. एका इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात.

पण प्राथमिक गुंडाळीचं सर्किट जोडणारे-तोडणारे पॉइंट नेमके कधी उघडायचे? चुंबक न्यूट्रलला, म्हणजे त्याचे ध्रुव गाभ्याच्या दोन टोकांच्या मधोमध, आला की कॉइलच्या गाभ्यातलं क्षेत्र शून्य व्हायला हवं. होत नाही. पॉइंट मिटलेले असताना प्राथमिक गुंडाळीत वाहणारा प्रवाह त्या बदलाला अडवून धरतो. हा हट्टीपणा एमिल लेंझने १८३४ साली नियमात बांधला होता. न्यूट्रल ओलांडल्यावर काही अंशांनी हा प्रवाह शिगेला पोचतो. तेव्हाच पॉइंट उघडले, की अडवून धरलेलं क्षेत्र एका झटक्यात उलटं फिरतं आणि दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात. न्यूट्रलपासून पॉइंट उघडेपर्यंतच्या या कोनाला ई-गॅप म्हणतात. साधारण दहा अंश धरा, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त.

मॅग्नेटोचं अंतर्गत टायमिंग म्हणजे एवढंच. ते टिकत नाही, ही मेख. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की पॉइंट उशिरा उघडतात. पॉइंटचे माथे झिजले की लवकर. दोन्ही झिजा एकमेकींना झाकतही राहतात. मॅग्नेटो इंजिनावर थोडा फिरवून ठिणगीची वेळ जुळवता येते, आणि घाईत तेवढंच केलं जातं. त्याने ठिणगी वेळेवर पडते, पण अशक्त. आधी झाकण उघडून ई-गॅप लावावा, मग मॅग्नेटो इंजिनाशी जुळवावा.