समाजमाध्यमांवरील जाहिरात आणि फलाधारित चौकशी-प्राप्ती

समाजमाध्यमांवरील जाहिरात आणि फलाधारित चौकशी-प्राप्ती या लहान व्यवसायांनी ग्राहक मिळवण्यासाठी वापरलेल्या दोन अंकीय पद्धती होत. पहिल्या पद्धतीत व्यावसायिक फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या माध्यमांवर जाहिरात दाखवण्याचे पैसे देतो. ती पाहून कोणी ग्राहक होईल की नाही, याची जोखीम त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या पद्धतीत मध्यस्थाने मिळवून दिलेल्या प्रत्येक ग्राह्य चौकशीमागे, भेटीमागे किंवा विक्रीमागे मोबदला दिला जातो. त्यामुळे जोखमीचा काही भाग मध्यस्थाकडे जातो. व्यवहारात या दोन्ही पद्धती पुष्कळदा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहरात दुकानदारी, लघुउद्योग, शिकवणी वर्ग, गृहबांधणी आणि पर्यटन हे व्यवसाय शेजारी शेजारी नांदत असल्याने या दोन पद्धतींतील भेद तेथे सहज ध्यानात येतो.

## संज्ञा आणि व्याप्ती

एखाद्या व्यक्तीने वस्तू वा सेवा घेण्याची इच्छा दर्शवून आपला संपर्क क्रमांक दिला, की त्या नोंदीस व्यापारी बोलीत 'लीड' किंवा 'इन्क्वायरी' म्हणतात. या लेखात तिच्यासाठी 'चौकशी' हा शब्द वापरला आहे. चौकशी म्हणजे विक्री नव्हे. चौकशी, संभाषण, प्रत्यक्ष भेट आणि खरेदी या चार पायऱ्या असून प्रत्येक पायरीवर संख्या घटत जाते.

भारतात १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म', तर २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'लघु' ठरतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः सूक्ष्म गटाला लागू पडते. या गटात जाहिरातीचा खर्च बहुधा मालकाच्या घरखर्चाच्याच गल्ल्यातून निघतो आणि दोन-तीन महिने वाया गेलेला खर्च भरून काढण्यास दुसरे साधन नसते.

## पूर्वपीठिका

फळानुसार मोबदला देण्याची रीत आंतरजालापेक्षा फार जुनी आहे. मोंढ्यातील अडत्या माल विकला गेला तरच अडत घेतो, घराचा दलाल सौदा झाला तरच दलाली घेतो. याउलट दवंडी, भिंतीवरील रंगवलेली जाहिरात, वृत्तपत्रातील जाहिरात किंवा वृत्तपत्रात घालून वाटलेले पत्रक यांचे पैसे आधी द्यावे लागत आणि परिणाम अंदाजाने ठरवावा लागे. अंकीय माध्यमांतही हेच दोन प्रवाह दिसतात.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर पट्टीच्या स्वरूपातील जाहिराती झळकल्या.  १९९८ मध्ये 'गोटू डॉट कॉम' या शोधयंत्राने दर क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत रूढ केली. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'अॅडवर्ड्‌स' सुरू केले आणि २००२ मध्ये क्लिकवर आधारित लिलाव स्वीकारला. फेसबुकची जाहिरात व्यवस्था नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाली. संकेतस्थळावर न जाता तेथेच नाव-क्रमांक भरून घेणारी 'लीड' जाहिरात फेसबुकने २०१५ मध्ये आणली.

भारतात १९९६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दूरध्वनीवरून व्यवसायांची माहिती देणारी 'जस्टडायल' आणि उद्योगांतर्गत व्यापारासाठीचे 'इंडियामार्ट' या दोन्हींचा आरंभ झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर आंतरजाल स्वस्त झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये 'व्हॉट्सअॅप बिझनेस' हे उपयोजन आले. स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या दुकानदारालाही त्यामुळे चौकशा स्वीकारता येऊ लागल्या.

## समाजमाध्यमांवरील जाहिरातीची कार्यपद्धती

मेटा कंपनीच्या माध्यमांवर (फेसबुक, इन्स्टाग्राम) प्रत्येक जाहिरातीची जागा लिलावाने ठरते. बोलीची रक्कम, पाहणारा अपेक्षित कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा या तीन घटकांवरून विजेता निवडला जातो. म्हणजे सर्वाधिक बोली लावणाराच जिंकतो असे नाही.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. जाहिरात सुरू करताना 'चौकशा मिळवणे' हे उद्दिष्ट निवडले, तरी आकारणी सामान्यतः दर्शनांवरच होते. निवडलेल्या उद्दिष्टामुळे यंत्रणा चौकशी करण्याची शक्यता असलेल्या लोकांना जाहिरात दाखवण्याचा प्रयत्न करते. चौकशी आलीच नाही, तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पडद्यावर दिसणारा 'दर चौकशी खर्च' हा भाव नसून झालेल्या खर्चाला आलेल्या चौकशांनी भागून काढलेली सरासरी असते.

नव्या जाहिरातीसाठी यंत्रणेचा 'शिकण्याचा टप्पा' असतो. तो संपण्यास एका आठवड्यात साधारण ५० अपेक्षित कृती व्हाव्या लागतात. रोज दोन-तीनशे रुपये खर्च करणाऱ्या दुकानाला हा आकडा क्वचितच गाठता येतो आणि मध्येच जाहिरातीत मोठा बदल केल्यास टप्पा पुन्हा सुरू होतो. अल्प रकमेच्या जाहिरातींचे परिणाम आठवड्यागणिक हेलकावे खातात, त्याचे हे एक कारण आहे.

## फलाधारित पद्धतीचे प्रकार

* दर चौकशी: ठरलेल्या अटींत बसणाऱ्या प्रत्येक चौकशीमागे रक्कम. अमेरिकेत गूगलच्या 'लोकल सर्व्हिसेस' जाहिरातींत हीच पद्धत आहे.
* दर भेट: ग्राहक दुकानात, दवाखान्यात किंवा बांधकामस्थळी आल्यावरच मोबदला.
* दर विक्री: विक्रीच्या रकमेवर टक्केवारी. हे अडतीचेच अंकीय रूप होय.
* संमिश्र: मासिक ठोक रक्कम आणि त्यावर चौकशीनुसार वाढीव मोबदला.

काही सूचिस्थळे आगाऊ वर्गणी घेऊन चौकशा पुरवतात. ही सेवा फलाधारित असल्यासारखी भासली तरी चौकशा आल्या नाहीत तरी वर्गणी द्यावीच लागते, म्हणून ती काटेकोरपणे या वर्गात मोडत नाही.

## तुलना

| बाब | समाजमाध्यमांवरील जाहिरात | फलाधारित चौकशी |
|---|---|---|
| पैसे कशाचे | दर्शनाचे वा क्लिकचे | चौकशीचे, भेटीचे वा विक्रीचे |
| अपयशाची जोखीम | व्यावसायिकाकडे | अंशतः मध्यस्थाकडे |
| दर चौकशी खर्च | सहसा कमी, पण अस्थिर | सहसा अधिक, पण ठरलेला |
| नावाची ओळख | हळूहळू वाढते | फारशी वाढत नाही |
| ग्राहकांची माहिती | व्यावसायिकाकडे राहते | करारावर अवलंबून |
| मुख्य धोका | खर्च होऊनही ग्राहक न मिळणे | निकृष्ट वा अनेकांना विकलेली चौकशी |

## खर्चाचे गणित

पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ रीत समजण्यासाठी दिले आहे. एका फर्निचर दुकानाला प्रत्येक विक्रीमागे २,५०० रुपये ढोबळ नफा होतो. त्याने समाजमाध्यमांवर १०,००० रुपये खर्च केले, १०० चौकशा आल्या आणि त्यांतून ५ विक्री झाल्या. दर चौकशी खर्च १०० रुपये, तर दर ग्राहक खर्च २,००० रुपये झाला. त्याच दुकानाने मध्यस्थाकडून पडताळलेल्या ३० चौकशा प्रत्येकी ३०० रुपयांना घेतल्या आणि ६ विक्री झाल्या. एकूण ९,००० रुपये खर्चात दर ग्राहक १,५०० रुपये पडले. येथे तिप्पट महाग चौकशी शेवटी स्वस्त ठरली.

परंतु मध्यस्थाने त्याच चौकशा आणखी तीन दुकानांना दिल्या आणि विक्री ३ वर आली, तर दर ग्राहक खर्च ३,००० रुपये होतो आणि प्रत्येक विक्रीत ५०० रुपयांचा तोटा होतो. यावरून एक साधे सूत्र निघते: *विक्रीमागील ढोबळ नफा गुणिले चौकशीचे विक्रीत होणारे प्रमाण, ही चौकशीच्या किमतीची कमाल मर्यादा होय.* प्रमाण ५ टक्के असल्यास ही मर्यादा १२५ रुपये, १० टक्के असल्यास २५० रुपये आणि २० टक्के असल्यास ५०० रुपये येते.

जाहिरात सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्यास त्याची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या किंवा आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्यास ती मिळत नाही. वरील उदाहरणात अशा दुकानदाराचा पहिला खर्च ११,८०० रुपये आणि दर ग्राहक खर्च २,३६० रुपये होईल. हाती उरतील १४० रुपये. शंभर जणांना दूरध्वनी करण्यात गेलेला वेळ यात धरलेला नाही.

## छत्रपती संभाजीनगरातील संदर्भ

शहराच्या नामांतरास केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मान्यता दिली. शोधयंत्रांवर ग्राहक जुने आणि नवे अशी दोन्ही नावे लिहितात. त्यामुळे शोधशब्दांच्या यादीत दोन्ही नावे ठेवणे आवश्यक ठरते. शिवाय बिहारमध्ये औरंगाबाद नावाचे शहर आणि जिल्हा आहे. स्थळ निवडताना महाराष्ट्र हे राज्य तपासले नाही, तर गुलमंडीतील दुकानाची जाहिरात बिहारमधील वाचकांना दिसू शकते आणि तिचे पैसेही आकारले जातात.

व्यवसायाच्या स्वरूपानुसार पद्धतीची उपयुक्तता बदलते:

* किरकोळ व्यापार: गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट, निराला बाजार येथील कापड, दागिने आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांना चित्र आणि चलच्चित्राचा लाभ अधिक होतो, कमी किमतीच्या वस्तूंत दर चौकशी रक्कम परवडत नाही.
* लघुउद्योग: चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे ग्राहक मोजके आणि मागणी मोठी असते. त्यांना सूचिस्थळे आणि परस्पर ओळखी यांचा उपयोग अधिक होतो.
* पैठणी आणि हिमरू: पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागाच्या वस्त्राची किंमत समजावून सांगावी लागते. विणकामाची चलच्चित्रे हे काम करतात. चौकशी विकणारा मध्यस्थ यंत्रमागाची नक्कल आणि अस्सल पैठणी यांत भेद करतोच असे नाही.
* शिकवणी वर्ग आणि गृहबांधणी: एका ग्राहकामागील उत्पन्न मोठे असल्याने येथे फलाधारित पद्धत परवडते. मात्र स्पर्धाही तीव्र असून एकच क्रमांक अनेकांच्या हाती पडण्याचा संभव अधिक असतो.
* पर्यटन: वेरूळ आणि अजिंठा पाहण्यास येणारा प्रवासी बाहेरगावी असतानाच बेत आखतो, म्हणून केवळ शहरापुरती जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषा शहरात चालतात. दिवाळीच्या सुमारास मोठ्या कंपन्याही त्याच लिलावात उतरतात, त्यामुळे दर्शनांचा भाव चढतो. नेमका त्याच काळात कापूस आणि सोयाबीनचा पैसा ग्रामीण ग्राहकाच्या हाती येतो.

## कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींस प्रतिबंध असून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याविषयी जून २०२२ मध्ये आणि शिकवणी क्षेत्रासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक आवश्यक असून १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. समाजमाध्यमांवरील जाहिरातीही त्यात येतात.

नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम लागू असून तक्रारीसाठी १९०९ हा क्रमांक आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. संमतीवाचून गोळा केलेले क्रमांक विकत घेणे हे त्यामुळे केवळ निरुपयोगी नव्हे, तर धोक्याचेही ठरते.

## टीका आणि मर्यादा

समाजमाध्यमांवरील जाहिरातीत आवड, शेरे आणि अनुयायी यांचे आकडे विक्रीचा पुरावा म्हणून दाखवले जातात, अशी टीका होते. भरणे सोपे केलेल्या अर्जांत चुकून दिलेले किंवा जुने क्रमांक अधिक येतात. पृष्ठ आणि जाहिरात खाते मध्यस्थाच्या नावावर असल्यास करार संपताना दुकानदाराची वर्षांची नोंद त्याच्या हातून जाते.

फलाधारित पद्धतीत 'फळ' म्हणजे काय, याची व्याख्या हाच वादाचा मुख्य विषय असतो. क्रमांक चालू असणे, व्यक्ती ठरलेल्या परिसरातील असणे, चौकशी त्याच वस्तूची असणे, ती पूर्वी न आलेली असणे आणि इतर कोणास न दिलेली असणे या बाबी, तसेच अग्राह्य चौकशीची परतफेड किती दिवसांत होईल ही अट करारात लेखी नसल्यास मोबदला चौकशांच्या संख्येवर ठरतो, गुणवत्तेवर नव्हे. चौकशीस उत्तर देण्यास उशीर झाल्यास मात्र दोष मध्यस्थावर टाकता येत नाही. दोन्ही पद्धतींत अखेरची पायरी विक्रेत्यालाच चढावी लागते.

## हे सुद्धा पहा

* जाहिरात
* सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग
* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
* वाळूज
* पैठणी