पहिली निवड कोणाची?

आजीपासून शाळकरी नातवंडापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून खेळता येईल असा पटावरचा खेळ चांगला की सामान्य, हे कशावरून ठरवायचे? सोपे नियम, थोडा वेळ, छान रंग ही उत्तरे चटकन सुचतात. खेळांचा इतिहास पाहिला की आणखी एक कसोटी हाती येते. खेळात निवडीला किती वाव आहे आणि तो सर्वांना सारखा मिळतो का, ही ती कसोटी.

हा इतिहास वाशिमपासून सांगता येतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चौथ्या शतकात सर्वसेनापासून सुरू झालेल्या वाकाटक शाखेची ही राजधानी. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथातील चौसष्ट कलांच्या यादीत खेळांची तीन वेगळी नावे येतात : द्यूतविशेष, आकर्षक्रीडा आणि बालक्रीडनके. आकर्षक्रीडा म्हणजे फाशांचा खेळ, असे टीकाकार यशोधर सांगतो. बालक्रीडनके म्हणजे चेंडू, बाहुल्या यांसारखी मुलांची खेळणी. म्हणजे सगळे खेळ एका मापाने मोजायचे नसतात, ही जाण त्या काळीही होती.

पुढे घराघरांत रुळलेले दोन पट शेजारी ठेवून पाहू. सोंगट्यांच्या पटाला चार बाहू असतात. प्रत्येक बाहूत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे मधला चौक सोडून एकूण ९६ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. दान किती पडणार हे कवड्या किंवा फासे ठरवतात. पण कोणती सोंगटी पुढे न्यायची हे खेळणारा ठरवतो. दैव आणि विचार यांची येथे वाटणी आहे.

मोक्षपटात तसे नाही. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जातो. उपलब्ध पट मात्र बरेच नंतरचे आहेत. सद्गुणाच्या घरातून शिडीने वर जायचे, दुर्गुणाच्या घरी सापाच्या तोंडी जाऊन खाली यायचे. सोंगटी एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नाही. लहान मूल आजीला सहज हरवू शकते, हा या पटाचा मोठा गुण. पण जिंकण्यात बुद्धीचा वाटा काहीच नाही, ही त्याची मर्यादा.

यापेक्षा वेगळी तिसरी पद्धत आहे. समोर मांडलेल्या सामाईक वस्तूंमधून प्रत्येकाने आळीपाळीने एकेक उचलायची. इंग्रजीत तिला ड्राफ्टिंग म्हणतात. नाव परके असले तरी पद्धत आपल्या मैदानावरचीच आहे. दोन संघनायक आळीपाळीने भिडू निवडतात, ते हेच. पण या पद्धतीत एक खोट आहे. आठ भिडूंचे कौशल्य ८, ७, ६ असे १ पर्यंत मोजले आणि दोघांनी एकाआड एक निवड केली, तर पहिल्याला ८, ६, ४, २ म्हणजे २० गुण मिळतात. दुसऱ्याला ७, ५, ३, १ म्हणजे १६. पहिली निवड मिळाली की चार गुण फुकट! शिवाय शेवटी उरलेल्या मुलाला आपण नकोसे आहोत हे सर्वांसमक्ष कळते, ते वेगळेच.

मुलांनी यावर तोड काढलेली आहे. साधारण सारख्या ताकदीच्या दोघा-दोघांच्या जोड्या पाडायच्या. जोडीने बाजूला जाऊन गुपचूप नावे घ्यायची, एक चंद्र तर दुसरा सूर्य. मग नायकाने कोण कुठले हे न कळता एक नाव मागायचे. संघ तुल्यबळ होतात आणि शेवटी कोणी एकटा उरत नाही.

कागदावर आणखी एक तोड आहे : पहिल्याने एक, दुसऱ्याने दोन, पुन्हा पहिल्याने दोन असे घ्यावे. आता पहिल्याला ८, ५, ४, १ आणि दुसऱ्याला ७, ६, ३, २ मिळतात. दोघांचेही १८!

आजच्या खेळांत हा प्रश्न कसा सोडवला आहे, याचे चांगले उदाहरण म्हणजे ब्रुनो कॅथाला या फ्रेंच रचनाकाराचा ‘किंगडोमिनो’. जर्मनीत १९७९ पासून वर्षातील उत्तम खेळाला ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार दिला जातो. २०१७ मध्ये तो या खेळाला मिळाला. यात ४८ क्रमांकित फरशा असतात. त्यांतल्या काही चढत्या क्रमाने मांडायच्या आणि प्रत्येकाने निवडायच्या. मोठ्या क्रमांकाची फरशी साधारणपणे जास्त किमती; पण ती घेणाऱ्याची पाळी पुढच्या फेरीत उशिरा येते. चांगले हवे तर त्याची किंमत मोजा, असा हा न्याय. डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. प्रदेशातील चौकोनांची संख्या गुणिले त्यातील मुकुट, असे गुण मोजायचे. मुकुट नसेल तर कितीही मोठ्या प्रदेशाचे गुण शून्य! गुणाकार न येणाऱ्या मुलाला येथे मोठ्यांची मदत लागते, ही उणीव. पण शून्याने गुणणे म्हणजे काय हे शिकवायला शिक्षकांना यापेक्षा चांगले निमित्त क्वचितच मिळेल.

तेव्हा घरगुती खेळ पारखताना तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक पाळीला खरी निवड करायला मिळते का? पहिल्या निवडीचा फायदा कुठेतरी फेडावा लागतो का? मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा राहते का?

दुसरा प्रश्न वर्गात तपासता येईल. आठ चिठ्ठ्यांवर १ ते ८ ऐवजी त्यांचे वर्ग लिहा : १, ४, ९ असे ६४ पर्यंत. एक-दोन-दोनच्या क्रमाने पहिल्याचे गुण १०६ आणि दुसऱ्याचे ९८ भरतात. म्हणजे वरची तोड अपुरी पडली. आता क्रम असा घ्या : पहिला, दुसरा, दुसरा, पहिला, मग उलट, दुसरा, पहिला, पहिला, दुसरा. दोघांचे १०२! आधीचा क्रम उलटवून पुढे जोडत जाण्याची ही युक्ती कशी चालते, याचे मूळ फ्रेंच गणितज्ञ प्रूए याच्या १८५१ मधील कामात आहे. सोळा चिठ्ठ्या आणि त्यांवर घन घेतले तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.