मृगसालाचे दप्तर

पाटण खोऱ्यातील एखाद्या साठी उलटलेल्या गृहस्थाला जन्मतारीख विचारावी, तर १ जून हे उत्तर मिळण्याचा संभव मोठा असतो. मुलाला शाळेत घालावयास आलेल्या बापाला पोर आखाडात झाले की कार्तिकात, भाताच्या लावणीत झाले की सुगीत, एवढेच सांगता येई. दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मदिनांकाचा रकाना मात्र अंकी व अक्षरी अशा दोन्ही रीतींनी भरल्यावाचून मास्तरांची सुटका नसे. तेव्हा पोराच्या उंचीकडे आणि दुधाच्या दातांकडे पाहून ते साल ठरवीत, आणि तारीख सरसहा १ जून अशी घालीत. अशा रीतीने केवळ साताऱ्यातच नव्हे, तर उभ्या महाराष्ट्रात, कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली एक फार मोठी पिढी निर्माण झाली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु मास्तरांच्या हाताला १ जूनच का यावा, १ जानेवारी का नव्हे, पाडवा का नव्हे, या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा ती वाट मला शाळेच्या आवारातून बाहेर काढून थेट मराठी राज्याच्या फडात घेऊन गेली. ही कुळकथा त्या वाटेची आहे.

शाळा जूनमध्ये उघडते म्हणून वयही जूनपासून मोजले, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. पण त्याने प्रश्न एक पायरी मागे सरकतो, इतकेच. शाळा तरी जूनमध्ये का उघडावी? पंतोजींच्या धूळपाटीच्या शाळा, १८५५ सालचे सरकारी शिक्षण खाते, त्यानंतरची लोकल बोर्डे व स्कूल बोर्डे, आणि १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा, हे टप्पे कोणत्याही शैक्षणिक इतिहासात सापडतात. वर्षारंभाची मीमांसा मात्र कोणी फारशी केलेली दिसत नाही.

माझे प्रतिपादन असे की आज सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांचे जे वर्ष १५ जूनच्या आगेमागे सुरू होते, ते मुळात मराठी दफ्तराचे मृगसाल आहे. मराठी राज्याच्या कागदांवर जो शुहूर सन आढळतो, तो चौदाव्या शतकात, मुहंमद तुघलकाच्या काळी दक्षिणेत प्रचारात आला असे मानतात. हिजरी महिने चांद्र असल्यामुळे ते सर्व ऋतूंतून फिरत राहतात, आणि शेतसारा तर पिकावर घ्यावयाचा. म्हणून अरबी नावाचे पण सौर मानाचे असे हे वर्ष योजले गेले, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी धरला गेला. त्याचा आकडा अंकांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहीत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे वर्ष ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी १६७४ येते, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६०० मिळवावे लागतात. मोगलांबरोबर दक्षिणेत आलेला फसली सनही याच मृगाला येऊन बसला. नव्या सालाचा बेहेडा म्हणजे जमाखर्चाचा अंदाज, मामलेदाराचा हिशेब, फडावरच्या कारकुनाची नेमणूक, यांची मोजदाद या सालाने चाले. अक्षरी आकडा हा खाडाखोडीवरचा उपाय हिशेबाच्या सर्वच व्यवहारांत असतो हे मान्य करूनही, ‘खमस सबैन अलफ’ लिहिणारा चिटणीस आणि जन्मदिनांक अंकी व अक्षरी लिहिणारा हेडमास्तर एकाच परंपरेचे वाटतात, हे मी नमूद करून ठेवतो.

मृग लागतो तो जूनच्या ७ तारखेच्या सुमारास, मग १ जून कोठून आला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सुएल यांच्यासह लिहून १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय पंचांगांवरील इंग्रजी ग्रंथात दडलेले आहे. मुंबई इलाख्यातील फसली साल सूर्य मृगात जाताच, जूनच्या पाच ते सात तारखांस सुरू होते, आणि मद्रास इलाख्यात मात्र सरकारने तेच साल १ जुलैला बांधून टाकले, असे त्यात नमूद आहे. नक्षत्राचे साल इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेला टांगण्याची ही सरकारी रीत मद्रासेत हुकमाने झाली. आमच्याकडे ती हुकमावाचून, छापील रजिस्टरे हाती आल्यावर मास्तरांच्या लेखणीने झाली, असा माझा तर्क आहे. दीक्षित स्वतः आयुष्यभर शिक्षक होते आणि मराठी शाळांचे मास्तर जेथे तयार होत त्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होते, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

आता प्रतिपक्ष. पहिला आणि सर्वांत लोकप्रिय पक्ष उन्हाचा: वैशाखवणव्यात पोरे बसत नाहीत, म्हणून मेची सुट्टी आणि म्हणून जूनचा आरंभ. विदर्भात शाळा आठवडाभर उशिरा उघडतात, हा या पक्षाचा मोठा आधार. परंतु ऊन सुट्टीचे कारण सांगते, वर्षाच्या सांध्याचे नव्हे. उत्तर हिंदुस्थानात ऊन आपल्यापेक्षा कडक. तरी तेथील अनेक शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते, आणि सुट्टी वर्षाच्या पोटात पडते. आपल्याकडेही अधूनमधून १ एप्रिलपासून वर्ष सुरू करण्याची चर्चा निघते, तेव्हा मेच्या सुट्टीला कोणी हात लावीत नाही, हलवायचा असतो तो सांधाच.

दुसरा पक्ष साहेबाचा. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरी जाऊन राही आणि पावसाळा लागताच पुण्यास उतरे. त्याच्या मागोमाग कचेऱ्या, कोर्टे आणि शाळाही जागच्या हलत, असे हे मत आहे. साहेब खाली उतरे तोच मुळी मृग लागल्यामुळे, एवढेच त्यावर सांगणे आहे.

तिसरा पक्ष विद्यापीठाचा, आणि तो दिसतो तितका भक्कम नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ची. पण त्या विद्यापीठाचे वर्ष जूनमध्ये बसत नव्हते. गांधीजी १८८७च्या नोव्हेंबरात मॅट्रिकला बसले आणि १८८८च्या जानेवारीत भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. सावरकरांनी फर्ग्युसनमध्ये पाऊल टाकले तेही १९०२च्या जानेवारीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत उच्च शिक्षणाचे वर्ष साहेबाच्या नव्या वर्षाला चिकटून होते, ही गोष्ट माझ्या पक्षाला पोषक आहे. कारण विद्यापीठ पुढे जूनकडे वळले, ते खालच्या मराठी शाळांनी धरून ठेवलेल्या लोकांच्या वर्षाकडे वळले, असेच मी समजतो.

चौथा पक्ष प्राचीनत्वाभिमान्यांचा. गृह्यसूत्रांत वेदाध्ययनाचा आरंभ श्रावणात उपाकर्माने होतो आणि पौष-माघात उत्सर्जनाने त्या सत्राची समाप्ती होते. बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही आषाढी पौर्णिमेपासून, आणि त्याची साक्ष द्यावयास कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातील लेणी आमच्या दाराशीच आहेत. पाऊस पडू लागला की माणूस एका छपराखाली बसून शिकतो, ही कल्पना मनोहर आहे आणि तिच्या मोहात मीही काही काळ होतो. पण वैदिक सत्रापासून लोकल बोर्डाच्या शाळेपर्यंत हात पोचवणारी मधली कडी कोठे आहे? ती असती, तर पंतोजींच्या शाळेत दिसती. आणि पंतोजींकडे मूल घालण्याचा मुहूर्त श्रावणी नव्हता, मृगही नव्हता, तो दसऱ्याचा होता. विजयादशमीस पाटीपूजन करून, पाटीवर सरस्वतीची आकृती रेखून अक्षरारंभ होई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तीही विजयादशमीसच. विद्येचा मुहूर्त म्हणून लोकमानसात दसराच होता, आणि शाळेचे वर्ष मात्र जूनचे होते. म्हणजे जून विद्येच्या परंपरेतून आला नाही, दुसऱ्या कोणत्या तरी घरातून आला.

ते घर महसुलाचे. १८१८नंतर साताऱ्याच्या राज्याची व्यवस्था ग्रँट डफने पाहिली, १८२२मध्ये प्रतापसिंह महाराजांस पूर्ण अधिकार मिळाले, आणि १८४८मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर राज्य खालसा झाले. पण या उलथापालथीत गावकामगारांचे दफ्तर आणि त्याची मोजणी पुष्कळशी जुनीच राहिली. पुढे १८६०नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंडाचा सेस बसला, आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांकडे वळवण्यात आला. खेड्यातील शाळा हे या आण्याचे अपत्य आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातले महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जी कैफियत मांडली, तिचा गाभाच हा होता, की पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे. ज्या शाळेचा पगार साऱ्यातून, जिची तपासणी मामलेदाराच्या कचेरीजवळ, आणि जिची सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, झालेला मुलगा तलाठी नाही तर मास्तर व्हावयाचा, त्या शाळेने आपले वर्ष कोणाकडून घेतले असेल?

येथे माझ्या मताला एक खरी अडचण आहे आणि ती मी झाकणार नाही. इंग्रजांनी महसुली वर्ष पुढे १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे केले, आणि तलाठ्याचे गावनमुने आजही त्याच वर्षाने चालतात. महसुलामागून शाळा गेली असती, तर शाळा ऑगस्टात उघडावयास हवी होती. माझे उत्तर असे, की ऑगस्टचे वर्ष कचेरीच्या नमुन्यात गेले, गावाच्या तोंडी गेले नाही. शेतकऱ्याने औंदाचे साल मृगापासूनच मोजले, आणि मास्तर त्या गावातच राहत होता.

शिवाय पुरावा पोरांच्या पाठीवर आहे. मराठी मूल शाळेत जाताना जे घेऊन जाते त्याला आपण दप्तर म्हणतो. ‘दफ्तर’ फारसीतून आला; त्याचे मूळ बहुतेक विद्वान ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे, यात पाहतात, तर काही जण ते प्राचीन इराणी ‘दिपि’, म्हणजे लेखन, याकडे नेतात. पहिल्या पक्षाकडे माझा कल आहे; पण आपल्या कामाचा प्रश्न त्यापुढचा आहे. हिशेबवह्यांचे नाव लहान मुलाच्या पिशवीला कसे मिळाले? हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी आणि मुलाचा तो बस्ता. मराठीत व गुजरातीत मात्र पिशवीच दप्तर झाली, आणि या दोन भाषा एकाच मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली शिकल्या, हे मी योगायोगावर सोडावयास तयार नाही. पेशवे दफ्तराचे कागद पुण्यात कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत, आणि कुलकर्ण्याच्या माळ्यावरही तसेच रुमाल असत; मुलाची पाटी, उजळणीचे पुस्तक आणि बोरू बांधण्याचा फडकाही तोच. आजही १५ जूनच्या सुमारास शाळांत प्रवेशोत्सव होतो, प्रभातफेरी निघते, बालभारतीची नवी पुस्तके वाटली जातात, पोरांच्या हातावर गोड खाऊ पडतो. आणि हे सारे आटोपले की गुरुजी टेबलाशी बसून जे शब्द उच्चारतात ते दाखल, खारीज, हजेरी, तुकडी, शेरा असे असतात, म्हणजे पंतोजींचे नव्हेत, चिटणिसाचे.

या मताची खरी कसोटी पाटणच्या पश्चिमेस लागते. नवजासारख्या ठिकाणी कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. ओढे फुगले की वाडी आणि शाळा यांच्यामधली वाट बंद होते, भाताचा तरवा उपटून लावणीला घराघरांतली माणसे लागतात, आणि खोळ पांघरून चिखलातून आलेल्या पोराचे पुस्तक दुपारपर्यंत वाळत नाही. ज्याने शाळेचे वर्ष निसर्ग पाहून किंवा शेतकऱ्याची सोय पाहून ठरवले असते, त्याने या खोऱ्यात जूनला हातही लावला नसता. म्हणून तर महाबळेश्वर, जावळी आणि पाटण यांच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी कापून ती ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास देण्याची पद्धत पडली. गंमत अशी की तेथेही इयत्ता जूनमध्येच बदलते. नुकते नव्या वर्गात बसलेले पोर लगेच सुट्टीवर जाते. ऊन नाही, सोय नाही, मुहूर्त नाही. सगळी कारणे गळून पडल्यावर जे उरते ते साल.

आता हवीत ती जुनी रजिस्टरे. पाटण, तारळे, ढेबेवाडी, हेळवाक या बाजूच्या शंभरी उलटलेल्या शाळांपैकी काहींची कपाटे ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपातूनही वाचली असतील. ज्यांच्या ताब्यात ती आहेत त्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की विद्यापीठ जानेवारीत चालत होते त्या काळातील, म्हणजे १९००पूर्वीच्या पानांवर इयत्ता चढवल्याची तारीख पाहावी. ती मृगाच्या आगेमागे निघाली, तर माझे म्हणणे टिकले. जानेवारीत निघाली, तर ते विद्यापीठवाल्यांच्या स्वाधीन करावयास मी बांधलेला आहे. आणि दसऱ्याच्या सुमारास निघाली, तर ही कुळकथा पुन्हा पंतोजींपासून लिहावी लागेल.