उत्तराचं मोर्तब

२००४ सालच्या गणपतीत आमच्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका इंटरनेटवर टाकायची टूम निघाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. तयार सर्व्हर घेतला असता तर काम अर्ध्या तासाचं होतं. पण मी तेव्हा सी भाषेत स्वतःचा सर्व्हर लिहायच्या नादाला लागलो होतो, आणि हौसेला मोल नसतं. दहा दिवसांचे कार्यक्रम युनिकोड देवनागरीत टाइप केले, सर्व्हर चालू केला, ब्राउझर उघडला. पान चौथ्या दिवशीच्या अथर्वशीर्षापर्यंत आलं आणि तिथेच संपलं. पुढे कीर्तन नाही, महाप्रसाद नाही, विसर्जन तर नाहीच.

काका तेव्हा आमच्याकडे राहायला होते. जन्मभर मोडी कागद वाचलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का रे, याला मोर्तब नाही का?"

मराठेशाहीतल्या पत्राला माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तबाचा शिक्का. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, पूर्णविरामही नसे. मग लिहिणाऱ्याचं म्हणणं इथे संपलं, हे वाचणाऱ्याला कळावं कसं? आणि मजकुराखाली मागाहून कुणी दोन ओळी घुसडू नयेत म्हणून करावं काय? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, मोर्तब. काकांच्या त्या प्रश्नानंतर मी वेबचा इतिहास जरा वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. सर्व्हर जे उत्तर पाठवतो, त्याची सगळी घडण एका प्रश्नाभोवती झालेली दिसते: संपलं, हे सांगायचं कसं?

सुरुवातीला ते सांगतच नसत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालवला. तो सी भाषेतच लिहिलेला होता आणि नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालायचा. हा संगणक सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी तंबी लाल शाईनं लिहून त्यावर चिकटवली होती. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या त्या काळच्या कराराला, म्हणजे एचटीटीपीला, पुढे ०.९ असा क्रमांक मिळाला. मागणी एका ओळीची: 'गेट' आणि पानाचा पत्ता. उत्तरात थेट पानाचा मजकूर. माथा नाही, तळ नाही. पान सापडलं नाही तर तसं सांगणारा मजकूरही पान म्हणूनच यायचा. वाचणाऱ्या माणसाला फरक कळे, यंत्राला नाही. आणि शेवट? सर्व्हर जोडणी तोडून टाकी. फोन आपटला, म्हणजे बोलणं संपलं.

यातली गोम ज्यांनी व्हीएसएनएलच्या डायल-अपवर दिवस काढले त्यांना सांगायला नको. फोन समोरच्यानं ठेवला की लाइन कटली, हे ओळखायचं कसं? अर्धं पान आलं तरी ब्राउझर ते पूर्ण समजून मोकळा.

एचटीटीपी १.० चा दस्तऐवज मे १९९६ मध्ये निघाला. बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांच्या नावे. त्यातली पद्धत मात्र आधीच रुळली होती. आता उत्तराला माथा आला. पहिल्या ओळीत आवृत्ती, तीन आकडी क्रमांक आणि एक-दोन शब्द: '२०० ओके', '४०४ नॉट फाउंड'. आकडा यंत्रासाठी, शब्द माणसासाठी. ही तीन आकड्यांची रीत फाइली पाठवणाऱ्या एफटीपीकडून आलेली. पहिल्या अंकावरून उत्तराची जात कळावी, ही शिस्त तिथे जॉन पोस्टेल आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच घालून दिली होती. त्या ओळीखाली मजकुराचा प्रकार, लांबी वगैरे तपशील, मग एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर मजकूर.

ती रिकामी ओळ म्हणजे माथ्याचं मोर्तब. सीमध्ये ती लिहिताना दर ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन अशी जोडी द्यावी लागते. ही टेलिटाइप यंत्राची आठवण आहे: पहिल्या खुणेनं छापणारा गाडा डावीकडे परत यायचा, दुसरीनं कागद एक ओळ वर सरकायचा. युनिक्सनं आणि त्याच्यासोबत वाढलेल्या सीनं ओळ संपवायला एकच खूण पुरेशी मानली, पण जाळ्यावरच्या जुन्या करारांनी जोडी सोडली नाही. म्हणून जिनं टेलिटाइप कधी पाहिलेला नाही ती मुलगीही आज सी शिकून सर्व्हर लिहायला बसली, की तो गाडा डावीकडे ओढते.

मोर्तबाची दुसरी बाजू बनावटीची. पाहुण्यानं दिलेला मजकूर न तपासता माथ्यात घातला आणि त्यात ओळ संपवायची ती जोडी दडलेली असली, तर तो स्वतःच्या ओळी, अगदी दुसरं अख्खं उत्तर घुसडू शकतो. या चलाखीवर अमित क्लाइन यांनी २००४ मध्ये सविस्तर लिहिलं. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला ते वाचून नवल वाटलं नसतं.

मजकुराचा शेवट सांगायला आली लांबी: अमुक इतके बाइट मोजून घ्या. आणि इथेच सी लिहिणाऱ्याची फजिती सुरू होते. सीमधली अक्षरमाळा शून्य बाइटला संपते आणि लांबी मोजणारं 'स्ट्रलेन' तिथपर्यंतच मोजतं. जिफ चित्राच्या सुरुवातीला सहा बाइटची ओळख, मग दोन बाइटमध्ये रुंदी, लहान बाइट आधी. रुंदी २५६ पेक्षा कमी असेल तर आठवा बाइट शून्य. म्हणजे 'स्ट्रलेन'च्या मते असलं कुठलंही चित्र सात बाइटचं!

माझी चूक वेगळी होती. मी मजकूर रुंद अक्षरांच्या प्रकारात ठेवला होता, मोजली ती अक्षरं, आणि पाठवताना केलं यूटीएफ-८. तिथे देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा पाच खुणा, बाइट पंधरा. एवढाच शब्द पाठवला असता तर मी माथ्यात पाच म्हणून सांगितलं असतं. ब्राउझर बिचारा सांगितलं तेवढं घेऊन थांबत होता. शिक्का होता, पण पहिल्या तिसऱ्या हिश्शावरच मारलेला.

बांधलेलं उत्तर पाठवणं हेही एक प्रकरण आहे. १९८३ च्या बर्कली युनिक्सनं जाळ्यावर मजकूर पाठवायला सॉकेट दिलं, पण दहा हजार बाइट हातात दिले तर ते चार हजारच घेऊन परतू शकतं. किती गेले ते पाहून उरलेले पुन्हा द्यायचे, सगळे जाईपर्यंत. नवशिक्या हे विसरतो. घरच्या संगणकावर सगळं नीट चालतं आणि दूरच्या माणसाला तुटकं पान मिळतं.

जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चा पहिला दस्तऐवज आला आणि एकाच जोडणीवर उत्तरामागून उत्तर पाठवणं हा नेम झाला. आता फोन ठेवून शेवट सांगायची वाट गैरसोयीची. पण लांबी आधी माहीतच नसेल तर? मग तुकड्यातुकड्यानं पाठवा: आधी तुकड्याची लांबी षोडशमान अंकांत, मग तुकडा. संपलं की शून्य लांबीचा तुकडा. २०१५ च्या एचटीटीपी २ नं '२००' ठेवलं आणि 'ओके' हा शब्द काढून टाकला. तिथे मजकूर चौकटींमध्ये बसवून जातो आणि शेवट सांगतो चौकटीच्या माथ्यातला एक बिट. मोर्तब झिजत झिजत एवढंसं उरलं.

माझी मोजणीची ती चूक दुरुस्त करायला एक ओळ बदलावी लागली. संध्याकाळी मी काकांना बोलावलं, टेलनेट उघडून एकाच शब्दाच्या चाचणी पानाची मागणी हातानं टाइप केली. माथा आला, लांबी १५, रिकामी ओळ, आणि खाली 'मराठी'. जोडणी चालूच होती. कर्सर शब्दाच्या शेवटी लुकलुकत होता.

"आणखी काही येणार आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही. पंधरा झाले."

काकांनी चष्मा खाली ओढला आणि बोटावर मोजायला सुरुवात केली.